छायाचित्रातल्या रोबोचं गेट उघडं आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या करिअर पुरवणीत औद्योगिक ऑटोमेशनवर पानभर मजकूर आला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो त्याच दिवशी तीन जणांनी टाकला आणि तिघांनीही मला विचारलं, "पोराला या लाइनला घालावं का?" मजकूर मी नंतर वाचला, आधी छायाचित्र पाहिलं. केशरी रंगाचा सहा अक्षांचा रोबो, शेजारी हसणारा तरुण इंजिनिअर, डोक्यावर हेल्मेट. मागे पिवळ्या जाळीचं कुंपण आणि त्याचं गेट उघडं. म्हणजे हा मुलगा कुंपणाच्या आत, रोबोच्या हाताच्या टप्प्यात उभा आहे. टीच पेंडंट, म्हणजे रोबो चालवायचं हातातलं रिमोट, मागे हुकाला टांगलेलं आहे. आत जायचं तर ते पेंडंट स्वतःच्या हातात हवं, त्यावरचं इनेबल बटण अर्ध्यावर दाबून धरलेलं हवं (सोडलं तरी रोबो थांबतो, घाबरून जोरात आवळलं तरी थांबतो) आणि रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, हे रोबो शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. एवढ्या रोबोचा हात लागला तर त्या हेल्मेटचा उपयोग नारळाच्या करवंटीइतकाच.

छायाचित्रकाराला मी दोष देत नाही. त्याला कुणीतरी "या, आतून घ्या फोटो" म्हणालं असणार. ते कुणीतरी बहुधा माझ्याच धंद्यातलं, म्हणून हे पत्र.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिप्लोमा. १९९५ साली भोसरीतल्या एका पॅनेल शॉपमध्ये (तिथे मशिनांच्या कंट्रोलची कपाटं बांधतात) महिना बाराशे रुपयांवर लागले. वायर सोलायची, लग क्रिम्प करायचे, फेरुल (वायरीच्या टोकावरच्या आकड्यांच्या नळ्या) ओवायचे, मल्टिमीटर लावून कंटिन्युइटी बघायची. मग पीएलसी (मशिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आला, मग कमिशनिंग, म्हणजे कारखान्यात जाऊन मशिन पहिल्यांदा चालू करून देणं. तेव्हा कारखाने अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे संध्याकाळी सातनंतर बाईमाणसाला कंपनीत कामावर ठेवता येत नसे, आणि कमिशनिंग तर प्रॉडक्शन बंद झाल्यावर रात्रीच व्हायचं. त्यामुळे पहिली काही वर्षं मी दिवसा लॉजिक लिहायचे आणि रात्री शेजारच्यांच्या लँडलाइनवरून "प्रोग्रामच्या तिसऱ्या ओळीतला टायमर दोन सेकंदांचा कर" असं ओरडून सांगायचे. शेजारच्या काकूंना आमच्या सगळ्या मशिनांची नावं पाठ झाली होती. आता गेली बारा वर्षं फक्त मशिन सेफ्टीचं काम करते.

आपल्या लेखात पॅकेज आहे, परदेश आहे, इंडस्ट्री ४.० आहे, एआय तर चार वेळा आहे. मशिन थांबवण्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मशिन चालू करायचं लॉजिक कुणालाही आठ दिवसांत शिकवता येतं. थांबवायचं शिकायला वर्षं जातात, कारण ते भलत्या वेळी, भलत्या अवस्थेत चालावं लागतं. इमर्जन्सीचं लाल बटण घ्या. वायर तुटली, टर्मिनल सैल झालं, उंदरानं केबल कुरतडली, तरी मशिन उभंच राहिलं पाहिजे. म्हणून त्या बटणाचा कॉन्टॅक्ट एरवी जोडलेला असतो, त्यातून करंट सतत वाहतो आणि तो खंडला की मशिन थांबतं. तेही एका वायरीच्या भरवशावर नाही. दोन वेगळ्या वाटा ठेवायच्या, आणि एक चिकटून बसली तर पुढचा स्टार्ट मिळूच द्यायचा नाही. मागच्या वर्षी एका कॉलेजात बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. बावीस मुलांनी कन्व्हेयरचा प्रोग्राम लिहिला आणि एकोणीस जणांच्या प्रोग्रामात इमर्जन्सीची वायर मी उपटली तरी पट्टा चालूच राहिला. मुलं हुशार होती. त्यांना कुणी वायर उपटूनच दाखवली नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या लाल वायरीबद्दल.

१९९७ चा पावसाळा. एका कंपनीतल्या ट्रिमिंग प्रेसच्या गार्डच्या, म्हणजे संरक्षक जाळीच्या, दाराचा लिमिट स्विच (दार लागलंय का ते पॅनेलला सांगणारा) तेल आणि पाणी जाऊन बिघडला. दार लावलेलं असूनही पॅनेलला ते उघडं दिसायचं, मशिन चालू होईना. ट्रक गेटवर उभा. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, आता जंपर मारा, रात्री नवीन स्विच आणून लावू." मी मारला. दहा सेंटिमीटरची लाल वायर, दोन टर्मिनलमध्ये, म्हणजे आता पॅनेलला दार कायम बंदच दिसणार. पॅनेल शॉपची सवय, म्हणून दोन्ही टोकांना नीट फेरुल ओवले, स्केचपेनने आकडे घातले. मशिन सुरू झालं, सगळ्यांनी चहा पाजला.

सव्वा वर्षाने दुसऱ्या कामासाठी त्याच कंपनीत गेले. गेटवर ओळखीचे मामा बसले होते. ते पूर्वी त्या प्रेसवर होते. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे डाव्या हाताने सरकवलं. दार उघडं ठेवून स्क्रॅप काढताना उजव्या हाताची दोन बोटं गेली, मग कंपनीने 'हलकं काम' दिलं, असं तेच म्हणाले, आणि वर "तुम्ही कशा आहात?" हेही विचारलं. मी आत गेले आणि माझं ठरलेलं काम सोडून आधी ते पॅनेल उघडलं. वायर होती. फेरुलवरचे आकडे माझ्याच अक्षरातले होते. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा.

मामांना मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. नंतर सांगितलं, तोवर पाच वर्षं गेली होती. ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

"लोक सेफ्टी बायपास करतात कारण त्यांना अक्कल नाही" असं म्हणणाऱ्यांशी मी त्या दिवसापासून वाद घालत आलेय. समजा प्रत्येक पीसला गार्डचं दार उघडून स्क्रॅप काढावं लागतं आणि त्यात चार सेकंद जातात. शिफ्टला दीड हजार पीस. म्हणजे सहा हजार सेकंद, एक तास चाळीस मिनिटं. हा वेळ ऑपरेटरला कुणी देत नाही, टार्गेट तेवढंच राहतं. मग तो दार उघडंच ठेवायची युक्ती काढतो. त्याला शहाणं करण्याआधी डिझाइन करणाऱ्याला विचारा की स्क्रॅप खाली घसरून जाईल अशी शूट (घसरगुंडी) का दिली नाहीस. दार उघडावंच लागलं नसतं.

माझ्या टेबलाच्या खणात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात अशा युक्त्या जमवल्या आहेत. गार्डच्या स्विचची सुटी जीभ, भोक पाडून सुतळी ओवलेली, म्हणजे दार उघडं असलं तरी स्विचला ते बंदच वाटतं. चुंबकाने चालणाऱ्या रिड स्विचला चिकटवलेला स्पीकरमधला मॅग्नेट. आणि दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कायम दाबून ठेवणारी ॲक्रिलिकची पाचर, इतकी सुबक घासलेली की बनवणाऱ्याला टूलरूममध्ये बढती द्यावी. पण ती पाचर चाललीच कशी? दोन हातांच्या कंट्रोलचा नियम असा, की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली गेली पाहिजेत आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सुटली पाहिजेत. हे लॉजिक नीट लिहिलं असतं तर पाचर ठोकल्यावर मशिन बंदच पडलं असतं. ज्याने ते लिहिलं तो ऑटोमेशन इंजिनिअरच होता, चांगल्या पॅकेजवाला असेल कदाचित.

दुसरा किस्सा गेल्या दिवाळीआधीचा. एका छोट्या प्रेस शॉपच्या मालकांचा फोन आला. मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, सेफ्टी बसवली आहे, एकदा बघून जा. गेले. बारा माणसं, सात प्रेस, प्रत्येकावर नवा कोरा लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात आडवा आला की मशिन थांबवणारा), हिरवे दिवे लुकलुकतायत. हात मध्ये घातला की दिवा लाल. मालक खूश. मी पहिल्या प्रेसचं क्लचचं झाकण काढायला लावलं. पिन क्लच. जुना सी-फ्रेम प्रेस, पायाने पॅडल मारायचं.

इथे वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं. पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, घुसली की रॅम (वरून आपटणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच वर येतो. मध्ये त्याला कुणी थांबवू शकत नाही, ना लाइट कर्टन, ना लाल बटण. पिनची स्प्रिंग दमली तर पॅडल न मारताही दुसरा स्ट्रोक पडतो. अशा प्रेसवर लाइट कर्टन म्हणजे दारावरची रांगोळी. त्याला हवं डायभोवती (साच्याभोवती) पक्कं कुंपण, हात आत जाणारच नाही इतकी बारीक फट, नाहीतर क्लचच बदलून न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच-ब्रेक, जो मध्येच थांबवता येतो. ज्याने हे सात कर्टन विकले आणि बसवले, त्याला एक तर हे माहीत नव्हतं किंवा होतं.

बरं, ज्या प्रेसला थांबता येतं तिथेही कर्टन कुठे लावायचा याचं गणित आहे. हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला १८० मिलिसेकंद आणि कर्टन-रिलेला २० मिलिसेकंद, मिळून ०.२ सेकंद. म्हणजे कर्टन डायपासून किमान ४०० मिलिमीटर लांब हवा, तोही बोट ओळखू शकणारा १४ मिलिमीटरचा. पुढे ब्रेकचे लायनर झिजले आणि १८० चे २२० झाले तर तेच अंतर ४८०. म्हणून थांबण्याचा वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो, त्याचं यंत्र मिळतं. मी आजवर पाहिलेले किती तरी कर्टन दीड वितीवर लावलेले होते, कारण ऑपरेटरला वाकायला त्रास होऊ नये. दिवा लाल होतो, प्रेस थांबतोही, फक्त हात आधी पोचतो.

त्या मालकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाहीत. साडेतीन लाख घालून बसले होते. त्यांना सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती नाही. जुन्या कारखाने अधिनियमात ती हजार कामगारांना होती, कामगार सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेत पाचशेला आहे. उलट त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या 'कारखान्या'ची व्याख्याच दहा कामगारांवरून वीसवर गेलीय. बारा माणसांचं प्रेस शॉप या हिशेबात बसतं कुठे?

मोठ्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर असतो, चांगला असतो. एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) औद्योगिक सुरक्षिततेचा ॲडव्हान्स डिप्लोमा केलेला, वर्क परमिट पक्कं, फायर ड्रिल पक्की, ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला रांगोळी स्पर्धा आणि शपथ. पण पॅनेलचं दार तो उघडत नाही, लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) त्याला वाचता येत नाही. आणि ज्याला लॅडर येतं तो म्हणतो, सेफ्टी माझं डिपार्टमेंट नाही. माझी लाल वायर सव्वा वर्ष राहिली ती याच दोघांच्या मधल्या जागेत. नोकऱ्यासुद्धा याच जागेत आहेत, आणि आपल्या लेखात नेमकी हीच जागा सुटली.

ही काही आपल्याकडचीच कथा नाही. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट, इंग्लंडमधला बन्सफिल्डचा तेलसाठा. एका टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. लेव्हल दाखवणारा गेज अडकला आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. टाकी मात्र भरतच होती. अशा वेळेसाठी वर एक स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच होता. त्याला तपासणीसाठी एक छोटा दांडा होता आणि तो दांडा कामाच्या जागी धरून ठेवायला कुलूप लावायचं होतं. ते कुलूप नुसतं कुणी छेडछाड करू नये म्हणून आहे, अशी समजूत होती. लावलं नाही, आणि स्विच निकामी राहिला. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं, त्याची वाफ पसरली आणि स्फोट झाला. रविवारची पहाट असल्यामुळे कुणी मेलं नाही, ४३ जण जखमी झाले. मी मुलांना शिकवताना भोपाळआधी हे उदाहरण देते. भोपाळमध्ये टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, फ्लेअरचा पाइप काढून ठेवलेला होता, सगळंच पडलेलं होतं. त्यावर मुलं म्हणतात, "मॅडम, तिथे तर काहीच धड नव्हतं, आमच्याकडे तसं नसतं." बन्सफिल्डमध्ये स्विच जागेवर होता. एका कुलपाचं काम समजलं नव्हतं, तेवढंच. त्यावर मुलं गप्प बसतात.

आता सोसायटीतल्या त्या तीन पालकांसाठी. हो, घाला. इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल, ईअँडटीसी, मेकॅट्रॉनिक्स, काहीही चालेल, डिप्लोमा असला तरी चालेल, आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक तर मला आवडतोच. (ओळखीच्या दोन कॉलेजांनी इन्स्ट्रुमेंटेशन बंद करून त्या जागा एआयला दिल्या. एआयला तरी टाकीची लेव्हल कोण सांगणार आहे?) पहिली दोन वर्षं पॅनेल शॉप किंवा सिस्टिम इंटिग्रेटरकडे (कारखान्यांना ऑटोमेशन बसवून देणाऱ्याकडे) काढा, पगार कमी असतो, हात बसतो. पुढे दोन वाटा फुटतात. एक मशिनांची, म्हणजे प्रेस, रोबो, पॅकिंग लाइन. तिथे आयएसओ १२१०० ची जोखमीची तपासणी आणि थांबवणारी यंत्रणा किती भरवशाची याचं आयएसओ १३८४९ चं गणित. दुसरी प्लांटची, म्हणजे रसायनं, रिफायनरी, गॅस. तिथे हॅझॉपच्या बैठका (कुठे काय बिघडू शकतं ते एकेक करून तपासायच्या), प्लांटच्या सुरक्षा यंत्रणांचं मानक आयईसी ६१५११, आणि सिलची, म्हणजे सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हलची, आकडेमोड. सिल १ म्हणजे गरज पडेल तेव्हा दहात फार तर एकदा दगा देणारी यंत्रणा, सिल २ शंभरात, सिल ३ हजारात. मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत जगभरच्या प्लांटचं हे काम टेबलावर बसून होतं. टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थांची प्रमाणपत्रं आहेत, ती चार-पाच वर्षं अनुभव घेऊन मगच करा. आधी केली तर परीक्षा पास होते, पॅनेलपुढे उभं राहिल्यावर पाय लटपटतातच.

आणि एक गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये नाही. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या मुलाला कुणीतरी वडीलधाऱ्या आवाजात सांगणार, "जरा जंपर मार, रात्री बदलू." तो बावीस वर्षांचा असेल, ट्रक गेटवर उभा असेल, नाही म्हणायची त्याची हिंमत होणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक वाक्य घोकून घेते: "मारतो साहेब, फक्त बायपास रजिस्टरमध्ये तुमची सही द्या." रजिस्टरमध्ये पाच रकाने: कुठला स्विच, का, कुणी सांगितलं, किती वाजेपर्यंत, परत कधी जोडला. सही मागितली की बहुतेक वेळा नवा स्विच अर्ध्या तासात स्टोअरमध्ये सापडतो. नेहमी नाही. जूनमध्ये त्यांच्यातल्या एका मुलाने हेच वाक्य म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला साइटवरून परत पाठवलं, 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारून. दोन महिने घरी होता. त्याच्या वडिलांनी मला फोनवर चांगलंच सुनावलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तो तळेगावला आहे, बरं चाललंय. पण ते दोन महिने भरून देणारी सोय आज कुणाकडेच नाही. एखाद्या ट्रेनीने लेखी नकार दिला तर त्याला संरक्षण मिळावं, एवढी एक ओळ प्रत्येक कंपनीच्या अप्रेंटिसशिपच्या करारात घालायला मालक संघटनांना काय अवघड आहे? आपल्या वार्ताहरांनी त्यांना हे एकदा विचारावं.

दुसरी विनंती कॉलेजांना. पीएलसीच्या लॅबमध्ये मार्क देताना मशिन चालू झालं याला अर्धेच मार्क द्या. उरलेले अर्धे, परीक्षकाने मनाला येईल ती वायर उपटल्यावर.

आणि पुरवणीतलं ते छायाचित्र कुठल्या कंपनीतलं आहे हे आपल्याला माहीत असेलच. त्यांचं नाव छापू नका, मलाही सांगू नका. फक्त माझा निरोप पोचवा, की गेट उघडं असताना कंट्रोलरवरचा 'मोटर ऑन'चा दिवा चालू दिसतोय, त्यामुळे त्या गेटच्या स्विचमागचं पॅनेल एकदा उघडायला हवं. मी येईन, पैसे घेणार नाही. गुरुवारी मोकळी असते, आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी.

आपली,
एक वाचक, चिंचवड

(नाव छापू नये ही विनंती. वरच्या किश्श्यांतले काहीजण अजून माझे गिऱ्हाईक आहेत.)